शास्त्राच्या पाठीत निघालेला कागद

ही गोष्ट एकोणीसशे एकोणसाठ सालची. साल पक्कं लक्षात आहे, कारण त्याच वर्षी मला चष्मा लागला, आणि चष्मा नसता तर पुढचं काहीच घडलं नसतं.

बाबा पुस्तकं बांधायचे. आजोबाही तेच करायचे. आमच्या घराची रस्त्याकडची मोठी खोली कामाची. तिला दोन उंच खिडक्या, मधोमध लांब टेबल आणि कोपऱ्यात शिकंजा, म्हणजे बांधलेली पुस्तकं दाबून ठेवायचं लोखंडी यंत्र. तो इतका जड होता की आजोबांनी आधी शिकंजा ठेवला आणि मग भोवती घर बांधलं, असं आई म्हणायची. घरात कुठेही जा, कागद चिकटवायच्या खळीचा आंबूस वास यायचा. शाळेत माझ्या शेजारी बसणारीला वाटायचं की आम्ही रोज तीच खातो.

कामाचे दोन नियम आजोबांपासून चालत आलेले. पहिला, कागद फेकायचा नाही. एका बाजूने कोरा असलेला कुठलाही कागद टेबलाखालच्या पेटीत जायचा आणि पुढे कधीतरी एखाद्या पुस्तकाच्या पाठीला आतून अस्तर म्हणून चिकटायचा. दुसरा नियम, हाताखाली आलेलं वाचायचं नाही. लोक रोजनिश्या आणत, जुनी पत्रं आणत, वकील आपल्या अशिलांची भांडणं गठ्ठ्याने आणून देत. "बांधणाऱ्याला हात असावेत, डोळे नसावेत," असं बाबा म्हणायचे. या नियमाचा त्यांना फार अभिमान होता. इतका, की त्याबद्दल त्यांनी प्रभूची क्षमा मागायला हवी होती, असं माझ्या आत्याचं मत.

आत्या ही बाबांची धाकटी बहीण. चव्वेचाळीस वर्षांची झाली तरी बाबा तिला 'बारके' म्हणायचे. तिने लग्न केलं नव्हतं. कुणी कारण विचारलं तर सांगायची, "मागणी आली होती, पण त्याचं नाक मला रोज बघवलं नसतं." ती स्वयंपाकघरामागच्या खोलीत राहायची आणि भरतकाम करायची. उशांचे अभ्रे, टेबलावरची कापडं, देवळातल्या वेदीवरचं शुभ्र वस्त्र, सगळं तिच्या हातचं. त्या खोलीला एकच खिडकी, तीही शेजारच्या भिंतीकडे तोंड करून. खिडकीखाली मोरी. आत्या नाकाजवळ कापड धरून टाके घालायची आणि तिच्या चष्म्याच्या काचा दर दोन-तीन वर्षांनी जाड व्हायच्या.

रविवारी उपासना झाली की मोठ्या माणसांचा शास्त्राचा, म्हणजे बायबलचा, वर्ग बाबा घ्यायचे. त्यांचा आवडता विषय एकच, स्वर्गातलं वतन. इथे नीट वागा, खोटं बोलू नका, दुसऱ्याचं घेऊ नका, आपला वाटा वर राखून ठेवलेला आहे. त्याला वाळवी लागत नाही, त्याचं छप्पर गळत नाही आणि भावंडं वाटणी मागत नाहीत. हे शेवटचं वाक्य बाबांचं स्वतःचं होतं आणि त्यावर मंडळी दर वेळी हसायची.

घरी मात्र त्यांना एवढं सोपं जायचं नाही. "वर वतन आहे ते ठीक आहे," आई म्हणायची, "पण अहो, तोवर ओले कपडे कुठे घालू ते सांगा." आणि ताटात शेवटची वडी उरली की आत्या ती उचलून म्हणायची, "भाऊ, तुझा वाटा वर आहे ना, मग ही मी घेते."

तर त्या वर्षी आमच्या घरच्या शास्त्राची पाठ मोडली. दोष आत्याचा. ती आपल्या नक्षीचे सगळे कागद त्यातच ठेवायची. ग्रंथ फुगून फुगून शेवटी शिवणीत उसवला. आजोबा वारले त्या आठवड्यात, दफनाच्या वेळी वाचायला हवा म्हणून, बाबांनी तो घाईघाईने स्वतः बांधला होता. त्याला एकोणीस वर्षं झाली होती.

बाबांनी पुठ्ठा काढला, पाठीवर ओला बोळा फिरवला, आणि जुनं अस्तर सुटून वर आलं. मी शेजारी उभी होते. नवा चष्मा असल्यामुळे त्या दिवसांत मी दिसेल ते वाचत सुटले होते, दुकानांच्या पाट्या, काड्यापेट्या, औषधाच्या बाटल्या. बाबांनी सवयीने कागद उलटा केला, पण तेवढ्यात माझं वाचून झालं होतं.

"बाबा, यात 'माझी मुलगी' असं लिहिलंय. आणि खाली आजोबांची सही आहे."

 आयुष्यात पहिल्यांदा बाबांनी हाताखालचा कागद सुलटा करून वाचला. तीनदा वाचला.

मजकूर चार ओळींचा होता. रस्त्याकडची खोली माझ्या मुलीला द्यावी. तिला सुईच्या कामाला उजेड लागतो. मुलाने शिकंजा मागच्या खोलीत न्यावा, त्याचे हात अंधारातही चालतात. खाली सही, आणि साक्षीला जुन्या पाळकांची सही. ते पाळकही केव्हाच प्रभूकडे गेले होते.

काय झालं असेल ते बाबांना लगेच कळलं. आजोबांनी आजारपणात तो कागद टेबलावर वजनाखाली ठेवला असणार. बाबांनी टेबल आवरलं. कागद मागून कोरा, म्हणून पेटीत गेला. मग पेटीतून निघून शास्त्राच्या पाठीला लागला. दोन्ही वेळा त्यांनी तो वाचला नव्हता. दोन्ही नियम अगदी काटेकोर पाळले होते.

"आत्याला सांगू?" मी विचारलं.

"सांगायचं ते मी सांगेन," बाबा म्हणाले. "तू तोंड मिटून ठेव. डोळेसुद्धा."

आईला आणि माझ्या थोरल्या भावाला त्यांनी त्याच संध्याकाळी दार लावून सांगितलं. मी आतच होते. भाऊ बाबांच्या हाताखाली काम करायचा. पुढच्या महिन्यात त्याचं लग्न होतं, घड्याळवाल्याच्या मुलीशी, आणि शाळेच्या वाचनालयाची तीनशे पुस्तकं नुकतीच बांधायला आली होती.

"मागच्या खोलीत तीनशे पुस्तकं?" भाऊ म्हणाला. "तिथे दोरा ओवायचा तर दिवसा दिवा लावावा लागेल."

"म्हणून काय लपवायचं?" बाबा म्हणाले.

"लपवायचं कोण म्हणतंय? आपण हाताखालचं वाचत नाही ना? मग नाही वाचलं. नवं अस्तर लावा, पुठ्ठा चढवा, झालं."

"मी वाचलंय," मी म्हटलं.

"तुला कुणी विचारलं, चष्मिस."

आई बराच वेळ पदराशी चाळा करत होती. मग म्हणाली, "वन्सं घेणारच नाहीत हो. त्या म्हणतील, राहू दे भाऊ, तुझंच ते. तुम्ही सांगून मोकळे व्हा. खरं सांगितल्यासारखं पण होईल आणि खोली पण राहील."

बाबांना हे पटलं, आणि पटलं म्हणूनच त्यांची झोप उडाली असावी. दुसऱ्या दिवशी ते आमच्या पाळकांकडे गेले. मीही बरोबर होते, बांधलेली गीतांची पुस्तकं उचलायला. बाबांनी खूप आढेवेढे घेत विचारलं, "समजा एक माणूस आहे. त्याच्याकडून नकळत दुसऱ्याचा वाटा राहिला. आता तो द्यायला तयार आहे, पण समोरचं माणूस घेणार नाही अशी त्याला खात्री आहे. तर त्याने दिला असं होतं का?"

पाळकांनी चष्म्यावरून बघितलं. "त्या माणसाला विचारा, समोरच्याने घेतला तर त्याला आनंद होईल का. नसेल होणार, तर अजून दिलेला नाही. आणि त्या माणसाला सांगा, या रविवारी वतनावर त्यालाच बोलायचं आहे."

तो आठवडाभर बाबा जेवताना गप्प होते. आत्या तिरक्या नजरेने बघायची. "भाऊ, पोट बिघडलंय की अंतःकरण? पोट असेल तर ओवा खा."

रविवारी वर्गात बाबा उभे राहिले. आत्या नेहमीसारखी पहिल्या बाकावर. बाबांनी सुरुवात केली, वाळवी झाली, छप्पर झालं, आणि भावंडांच्या वाटणीपाशी येऊन थांबले. मंडळी हसायला तयार होऊन बसली होती. बाबा म्हणाले, "आज प्रार्थना करून लवकर सुटू." मंडळी खूश झाली. इतका छान वर्ग बरेच दिवसांत झाला नव्हता, असं दोघातिघांनी बोलून दाखवलं.

घरी येऊन जेवायला बसलो तेव्हा बाबांनी तो कागद आत्याच्या ताटाशेजारी ठेवला. खळीने ताठ झालेला, कडेला पाठीच्या शिवणीची भोकं पडलेला. काय झालं ते त्यांनी सगळं सांगितलं, स्वतःची बाजू न घेता.

आत्याने कागद नाकाजवळ नेऊन वाचला. वडिलांच्या सहीवरून बोट फिरवलं. मग नीट घडी करून पोलक्यात ठेवला.

"एकोणीस वर्षं तू त्याच शास्त्रातून आम्हाला वाचून दाखवत होतास," ती म्हणाली. "आणि हा आत."

"चुकलो, बारके. मला क्षमा कर."

"केली."

आई भाताचं पातेलं पुढे सरकवत म्हणाली, "वन्सं, तुमचं मन मोठंच आहे. अजून थोडा भात घ्या."

"घेते," आत्या म्हणाली. "आणि खोलीही घेते. सामान कधी हलवता?"

भावाच्या घशात घास अडकला. मी पाणी आणायला उठले, पण काय होतंय ते चुकू नये म्हणून परत बसले.

बाबा हळूच म्हणाले, "बारके, तशी आपली खरी जागा तर वर..."

"ठाऊक आहे. तिथे मी मागची खोली घेईन, भाऊ. मोरीजवळची. तू खुशाल पुढची घे. पण इथे मला खिडकी हवी. दोन्ही."

बाबांनी तिच्याकडे बघितलं. तिचा चष्मा वाफेने धुरकट झाला होता आणि ती तो पुसत होती. चष्म्याशिवाय तिचे डोळे मी फार वेळा पाहिले नव्हते. बाबांनीही नसावेत.

"उद्या हलवतो," ते म्हणाले.

शिकंजा हलवायला मंडळीतले सहा जण आले. मधल्या दाराची चौकट काढावी लागली. पाळकही बाह्या सरसावून आले, पण त्यांनी मुख्यतः सूचनाच केल्या. संध्याकाळपर्यंत पुढच्या खोलीत आत्याची पेटी, पलंग आणि खुर्ची गेली, आणि मागच्या खोलीत बाबा, भाऊ, शिकंजा आणि तीनशे पुस्तकं.

आठ-दहा दिवसांनी बाबा काम थांबवून पुढे आले. डोळे चोळत दारात उभे राहिले. आत्या खिडकीत बसली होती, कापड मांडीवर, नाकापासून चांगलं हातभर लांब.

"तिथे काहीच दिसत नाही गं," बाबा म्हणाले. "इतकी वर्षं तू तिथे बसून टाके घातलेस? बोलली का नाहीस?"

"बोलले होते की. पहिल्याच वर्षी."

"मी काय म्हणालो?"

"म्हणालास, बारके, वर पुष्कळ उजेड आहे."

बाबा परत गेले. मी मागे गेले तर ते शिकंज्याशेजारी स्टुलावर बसले होते, दिवा न लावता. त्यानंतरही वर्ग ते घेत राहिले आणि वतनावरही बोलायचे, कारण त्यांचा त्यावर खरंच विश्वास होता. फक्त आता बोलून झालं की ते विचारायचे, "कुणाला काही अडचण आहे का? इथली?" आणि उत्तर येईपर्यंत थांबायचे. त्यामुळे वर्ग फार लांबायला लागला.

पुढे सगळ्यांचं काय झालं ते सांगते.

भावाने ती तीनशे पुस्तकं दिव्याखाली बांधली आणि त्यातली अकरा उलटी बांधली. वाचनालयाने ती तशीच ठेवून घेतली. त्याच्या बायकोला खळीचा वास सोसला नाही, म्हणून तो पुढे सासऱ्याच्या दुकानात गेला आणि चांगला घड्याळजी झाला. स्वतः मात्र कुठेच वेळेवर पोहोचला नाही.

पाळकांची बदली झाली. 'समजा एक माणूस आहे' मधल्या त्या माणसाचं पुढे काय झालं, असं ते बाबांना पत्रातून विचारत राहिले.

आईला शेवटी कपडे वाळत घालायला जागा मिळाली, आत्याच्या खिडक्यांबाहेर. आई गेली तेव्हा आत्याने तिच्यासाठी भरलेली चादर दोन वर्षं घडीतच होती. वन्संनी एवढी छान केलीय तर वापरायची कशी, म्हणून.

आत्या त्या खोलीत चौदा वर्षं राहिली. डोळे सुधारले नाहीत, पण आणखी बिघडलेही नाहीत. खिडकीत बसत असल्यामुळे बाबांकडे येणाऱ्यांची पुस्तकं तीच घ्यायची, आणि तिला कसलाही नियम नव्हता, ती सगळं वाचायची. ती वारली तेव्हा तिने लिहून ठेवलेला कागद सगळ्यांदेखत मोठ्याने वाचला गेला, टेबलाखालच्या पेटीच्या जवळपासही जाऊ न देता. खोली तिने मला दिली होती. अट एकच, शिकंजा परत खिडकीशी आणावा, कारण तिच्या भावाचे, म्हणजे बाबांचे, हात आता अंधारात चालत नाहीत.

दुसऱ्यांदा चौकट काढली. बाबा बहात्तर वर्षांचे होते. त्यांनी खिडकीशी आणखी तीन वर्षं काम केलं, हळूहळू, छोटी छोटी पुस्तकं. शेवटच्या दिवसांत एकदा ऊन टेबलावर आलं होतं तेव्हा म्हणाले, "वरचा उजेड याहून चांगला असणार. पण हाही वाईट नाही." बारकीने मोरीजवळची खोली खरंच घेतली असेल का, याची त्यांना काळजी होती.

मी त्याच खोलीत हे लिहिते आहे. शास्त्र माझ्याकडे आहे. बाबांनी ते त्या वर्षी पुन्हा बांधलं आणि आजोबांचा कागद या वेळी आत, पहिल्या पानासमोर, सुलटा लावला. गेल्या वर्षी त्याची पाठ परत सुटली. मीही आत्यासारखी त्यात काय काय ठेवत असते. दुरुस्तीला द्यायला हवं, पण नव्या अस्तरासाठी बाबांनी कुठला कागद घेतला होता ते मी पाहिलेलं नाही, आणि त्यावरही असंच काही लिहिलेलं निघालं तर या वयात मला खोली बदलणं जमणार नाही.