काकांच्या घरातलं माहेर

होडीवाल्याच्या थोरलीने सासरी सांगून ठेवलं होतं, की माझं माहेर नदीकाठच्या मोठ्या शहरात. लग्न नोंदणी कचेरीत उरकलेलं, त्यामुळे खरंखोटं करायला कुणी गेलंच नव्हतं. खरं माहेर नदीच्या प्रवाहाने शहराच्या खाली, बसने तासाभरावर, नदीच्या वळणावरच्या चिमुकल्या गावात होतं. तिथे बाबा होड्यांची डागडुजी करायचे.

एके दिवशी सासरे म्हणाले, "व्याह्यांकडे जाऊन येऊ." तिने बाबांना फोन लावला. "एक दिवस शहरात काकांकडे येऊन बसा ना. आपलंच घर म्हणायचं." "बरं, बाळा," बाबा म्हणाले.

बाबा काकांच्या सोफ्यावर अंग चोरून बसले होते. पाहुण्यांना पाणी द्यायला उठले, तर पेले कुठे असतात तेच ठाऊक नाही. सासऱ्यांना जुन्या गोष्टींची भारी हौस. "व्याही, तुमचं गाव वसलं कसं हो?"

बाबांची कळी खुलली. "दोन प्रवाह मिळतात ना, तिथे लाकडांचे तराफे थांबायचे. तराफेवाल्यांनी झोपड्या घातल्या, मग बाजार भरायला लागला. पुराने सगळं धुऊन नेलं, तर लोकांनी उरलीसुरली दारं खांद्यावर घेतली नि टेकाडावर नवं गाव मांडलं!"

"इथे कुठाय टेकाड?" सासूबाईंनी खिडकीबाहेर पाहत विचारलं.

बाबांनी लेकीकडे पाहिलं. "ते... दुसरं एक गाव. खालच्या अंगाला होतं. आता नाही राहिलं."

थोरलीचे कान तापले. आपल्या एका थापेपायी बाबांनी अख्खं गाव बुडवलं होतं.

"आहे," ती कशीबशी म्हणाली. "आमचं घर तिथेच आहे. हे काकांचं. मीच बाबांना इथे बसवलं. मला लाज वाटत होती."

सासरे गोंधळले, मग हसले. "मग इथे काय करतोय आपण? चला!"

बसमध्ये सासूबाई तिच्याकडे पाठ करून खिडकीशी बसल्या. गावात पोचल्यावर सासरे खोदून खोदून विचारत राहिले. बाबांचं आपलं "हो", "असेल". शेवटी सासरे तिच्याकडे वळले. "तूच सांग, टेकाडावर पहिलं घर कुणाचं?"

तिला सांगता येईना. बाबा हे सगळं सांगायला लागले की ती लहानपणी कानांत बोटं घालायची.

"बाबा, सांगा ना."

"दमलोय गं आज," बाबा म्हणाले आणि चहा टाकायला आत गेले. मान वर करून सासऱ्यांकडे बघायचा तिला धीर झाला नाही.