आचारसंहितेतली तीनचाकी

साखरेच्या आजारात तानाबाईचा उजवा पाय गुडघ्याखाली कापावा लागला, तेव्हा तिला पायापेक्षा जागेची काळजी जास्त होती. जळगाव जामोदच्या आठवडी बाजारात लिंबाखाली ती भाजी विकायची. त्या जागेचा कुठे कागद नव्हता. जो बसतो त्याची ती. तानाबाई घरी पडून होती तोवर शेजारच्या उकंडरावाचं लसणाचं पोतं हळूहळू तिकडे सरकत होतं.

बाजार गाठायला हाताने चालवायची तीनचाकी सायकल हवी होती. सरकारी सायकल मंजूर होऊन आलीही होती. कार्यालयाच्या आवारात ती ताडपत्रीखाली उभी होती. वाटप पाहुण्यांच्या हस्ते व्हायचं होतं, आणि पाहुण्यांची तारीख मिळत नव्हती.

"सरकारच्या भरवशावर काऊन राह्यतं व?" असं म्हणून कापसाच्या जिनिंगवाल्या भगवंतरावांनी स्वतःच्या पैशाने सायकल आणली. त्यांनी उशीर केला नाही, हे मान्य करायला हवं. वेळ लागला तो पेंटरला. सीटच्या पाठीवर आतल्या बाजूने त्यांचं नाव ठळक आलं, नावाखाली हात जोडलेलं त्यांचं चित्र.

"हे कराच्या पैशातून नाही, माझ्या घामातून आहे," भगवंतराव कार्यक्रमात म्हणाले. टाळ्या झाल्या. तानाबाई सीटवर बसली आणि नाव तिच्या पाठीआड गेलं.

"जरा पुढे वाक व मावशी," फोटोवाला म्हणाला. "अजून. अजून थोडी."

फोटोत नाव स्पष्ट आलं. तानाबाईचा फक्त पदर आला.

दोनच दिवसांनी निवडणूक जाहीर झाली आणि आचारसंहिता लागली. भगवंतराव उमेदवार होते. सरकारी सायकलींवर एका नेत्याचा हसरा चेहरा होता, म्हणून त्या आवाराला कुलूप लागलं. बाजाराच्या सकाळी तानाबाई मांडीवर मेथीचं गाठोडं घेऊन निघाली, तर रस्त्यात निवडणुकीच्या भरारी पथकाने अडवलं. पथकप्रमुख मंजुश्री मॅडम होत्या.

"मावशी, सायकलवर उमेदवाराचं नाव आहे. झाकावं लागेल."

"मंग झाका ना."

"कापड संपलं. शाळेची बाकं, मंदिराचे पंखे, पाणपोई... सगळ्यांवर नावं."

"माह्याजवळ बोरा हाये."

"खाजगी पोतं चालत नाही. शिक्क्याचं कापड लागतं. सायकल जमा करू या."

"मॅडम, आज मी बसली नाई तं जागा गेली माही."

मंजुश्री मॅडम कामाला प्रामाणिक होत्या. त्यांनी सायकलभोवती चक्कर मारली. बाहेरून काही दिसत नव्हतं. नाव तानाबाईच्या पाठीमागे पूर्ण दडलं होतं. त्यांनी वरिष्ठांना फोन लावला आणि मग तानाबाईला निर्णय सांगितला.

"तुम्ही बसला आहात तोवर नाव झाकलेलं धरू. उतरलात की आचारसंहितेचा भंग. आम्ही मागे येतोच आहोत."

"अन् मले लघवीले लागली तं?"

मॅडमनी वही काढली. "त्याबद्दल मार्गदर्शन मागवते."

लिंबाखाली उकंडरावाने लसूण पसरला होता. तानाबाईने सायकल थेट ढिगापर्यंत आणली.

"आता हे जागा माही हाये," उकंडराव म्हणाला. "तू उतर, अन् तिकडं नळापाशी बस."

"उतरता येत नाई. गुन्हा हाये."

"कोन्या गाढवानं सांगतलं?"

"मागं उभ्या हायेत त्यायनं."

उकंडरावाने मागे पाहिलं. पथकाची जीप, एक पोलीस, हातात कॅमेरा घेतलेला माणूस.

"खरं हाये का मॅडम?"

"त्यांनी जागेवरून उठायचं नाही," मंजुश्री मॅडम म्हणाल्या. "तसा आदेश आहे."

बांगड्या विकणारी खुर्शीदा पलीकडून ओरडली, "ऐकलं का रे उकंड्या? पोलीस बंदोबस्त हाये तिले!"

आजूबाजूचे हसले. उकंडराव चरफडत खाली बसला आणि लसूण पोत्यात भरू लागला.

"पन हे गाडी दिली कोनं?" त्याने विचारलं. "सरकारनं का भगवंतरावनं?"

"ते मंग सांगतो," तानाबाई मेथीच्या जुड्या मांडत म्हणाली. "आधी हात लवकर चालव. चाकाखाली येऊन राह्यला तुहा लसून."