तरंगणारं संत्रं

प्रीतीनं सोललेलं संत्रं बादलीत सोडलं. ते बुडायला हवं होतं. पुस्तकात तसं चित्रासकट लिहिलं होतं: सालीसह तरंगते, साल काढल्यावर बुडते. हे संत्रं मात्र एक डुबकी मारून वर आलं आणि निवांत तरंगत राहिलं.

“दाब त्याला जरा,” शोभाताई म्हणाल्या.

प्रीतीनं दाबलं. हात काढला की पुन्हा वर. वाचनालयाच्या खोलीत सतरंजीवर बसलेली चौथीची पोरं खो खो हसली.

शोभाताईंचं डोकंच फिरलं. सव्वीस वर्षं शिकवत होत्या त्या. प्रताप नगरजवळच्या या शाळेत पुस्तकांचं कपाट त्यांनीच उभं केलं होतं, आणि वाचलेलं करून बघायचं हा नेमही त्यांचाच. उद्या विज्ञान दिनाला केंद्रप्रमुख येणार, पालक येणार, आणि नेमकं आजच हे संत्रं हट्टाला पेटलं होतं!

“तू पांढऱ्या शिरा नीट काढल्या नाहीस.”

“काढल्या ना, मॅडम. पुस्तकच चुकलं असन.”

“पुस्तक चुकत नसतं, प्रीती.”

वर्गातल्या विक्रमच्या डब्यात मोसंबी निघाली. ती सोलली, पाण्यात सोडली, तर सरळ तळाशी गेली. झालं! उद्याचा प्रयोग विक्रम करेल, असं शोभाताईंनी जाहीर करून टाकलं.

प्रीतीचा चेहरा एवढासा झाला. ते पुस्तक तिनं तीनदा घरी नेलं होतं, आठ दिवस आरशासमोर बोलून बघितलं होतं. वाईट तर फारच वाटलं, पण ती रडली नाही. बादलीतलं संत्रं काढून उलटसुलट करून बघत बसली.

शाळा सुटल्यावर तिची आई, माया, न्यायला आली. माया कळमन्याच्या बाजारात संत्र्यांची छाटणी करायची. प्रयोगाची टोपलीही तिनंच धाडली होती. प्रीतीनं तिला दारातच गाठलं.

“आई, हा डुबून काहून नाही राहिला वं?”

मायानं संत्रं हातात घेतलं, किंचित उडवून झेललं.

“आतून सुकेल हाय हा. कसा डुबन?”

“न फोडता कसं कळलं तुम्हाला?” शोभाताईंनी विचारलं. आवाजात अजून धुसफूस होतीच.

“तेच त काम हाय माहं, मॅडम. भारी एका ढिगात, हलका दुसऱ्यात. हलका माल कोनी घेत नाही.” माया जरा ओशाळली. “त्यातलेच धाडले जी. प्रयोगाले काय, मनलं, कोनाले खायचे हायेत?”

शोभाताईंनी फोड उघडली. आत रस नाही, नुसता चोथा. हातच्या कांकणाला आरसा कशाला!

“बाप्पा! मंग पुस्तकातला रसाचा असन,” प्रीती ओरडली, “अन् हा बिनरसाचा!”

टोपलीत अजून पाच होती. मायानं त्यातली चार एकेक करून हातात घेतली आणि आधीच सांगून टाकलं, हा तरंगन, हाही तरंगन, हा चुकून भारी आला, डुबन. प्रीती सोलत गेली, सोडत गेली. चारही वेळा मायाचंच खरं ठरलं.

पाचवं शोभाताईंनी स्वतः उचललं. तळहातावर बराच वेळ तोललं.

“हे बुडेल.”

मायानं नकारार्थी मान हलवली. शोभाताईंनी सोलून सोडलं. संत्रं तरंगलं. त्यांना आधी हसू आलं, मग उद्याची आठवण झाली.

“उद्या साहेबांसमोर असंच चुकलं तर गं?”

“चुकू द्या ना, मॅडम,” प्रीती म्हणाली. “चुकलं का सारेच इचारतीन, काहून?”

शोभाताईंनी उद्याच्या प्रयोगांची यादी पुढ्यात ओढली. विक्रमच्या नावाच्या वर प्रीतीचं नाव लिहिलं, आणि थोडं थांबून, त्याच्याही वर मायाचं.

मायानं वाकून ते वाचलं. पदराला हात पुसले.

“मंग दोन्ही ढिगातले आनावं लागन,” ती म्हणाली.