इओसुआच्या पोटातलं माझं बिऱ्हाड

मी एक जुना जंतू आहे. नाक मुरडू नका, मित्रांनो! माझा मुक्काम सामोआतल्या सावाई बेटावर, इओसुआच्या मोठ्या आतड्यात आहे. इओसुआ म्हणजे गावाचा वक्ता. खांद्यावर काथ्याची चवरी टाकून, काठी टेकून तो उभा राहिला की भल्याभल्यांची बोलती बंद होते.

माझे पूर्वज त्याच्या जन्माच्या वेळी त्याच्या आईकडून आले. आम्ही एकाचे दोन होतो, दोनाचे चार. तेव्हा त्यातला मूळचा मी कोणता, हे विचारून मला अडचणीत आणू नका. अळूच्या कंदाचा, हिरव्या केळ्याचा जो चोथा त्याला पचत नाही, तो आम्ही खातो. बदल्यात आतड्याला पोसतो आणि वाईट जंतूंना बूड टेकू देत नाही. जेवण झालं की इओसुआ पोटावर थाप मारून म्हणायचा, "माझं पोट म्हणजे लोखंड!" डोंबलाचं लोखंड! राबायचो आम्ही.

एकदा त्याच्या भाच्याला सरदारकीचं नाव देण्याचा शनिवार ठरला. मामाने तासभर उभ्याने बोलायचं होतं. आणि सोमवारी मामाला खोकला झाला! आमच्याकडे न्यूझीलंडहून येणारे पाहुणे उरलेल्या गोळ्या बिस्किटांच्या डब्यात ठेवून जातात, आणि डबा सगळ्या गावाचा असतो. चुलतभावाच्या दाढेच्या उरलेल्या, जंतू मारणाऱ्या गोळ्या इओसुआने खोकल्यावर गिळल्या.

काय सांगू, मित्रांनो! माझे भाऊबंद पटापट गेले. मी कसाबसा अपेंडिक्सच्या बोळात दडी मारून बसलो. लोक त्या बोळाला बिनकामाचा म्हणतात. म्हणणाऱ्यांचं काय जातंय!

बुधवारी लोखंडाचं पाणी झालं. इओसुआच्या परसात येरझाऱ्या सुरू झाल्या.

"भाषण तिकडूनच करणार वाटतं?" बायको सिएनी म्हणाली.

"थट्टा नको गं. मध्येच पळालो, तर पोराच्या नावाला गाव जन्मभर हसेल."

सिएनीने नर्स फेतूआओला बोलावलं. डबा बघून तिने कपाळाला हात लावला. "काका, दाढेच्या गोळीने सर्दी-खोकला जातो होय? पोटातली चांगली वस्ती उठवलीत की! या गोळ्या मी नेते. तुम्ही मीठ-साखरेचं पाणी प्या, आणि सोसेल तसा उकडलेला कंद खा."

गुरुवारी अळूचा पहिला घास खाली आला. मी बोळातून बाहेर पडलो. एकाचे दोन, दोनाचे चार! सगळी वस्ती बसायला पुढे महिने लागले, पण शनिवारपुरती डागडुजी झाली.

शनिवारी इओसुआ बोलायला उभा राहिला. ऐन रंगात पोट गुरगुरलं. माफ करा, तो मी होतो.

"काय रे, आटोपतं घेतोस?" समोरच्या बाजूचा वक्ता तोआलेपाई ओरडला.

"नाही! तुझं मघाचं भाषण ऐकून पोटाला जांभई आली!"

सगळे खो खो हसले. इओसुआने तास पुरा केला, भाच्याला नाव मिळालं. त्याने स्वयंपाक्यांपासून पाद्रीबाबांपर्यंत सगळ्यांचे आभार मानले. आमचे सोडून. मला फार लागलं ते.

दुसऱ्या दिवशी तोआलेपाई खोकत दारात हजर. "तुझ्या डब्यात गोळी असते म्हणे?"

मागणाऱ्याला नाही म्हणणं म्हणजे आमच्याकडे नाक कापून घेणं. इओसुआ आत गेला. आणि डबा घेऊन आला.

"घे की!"

डब्यात उकडलेला अळूचा कंद होता.

"चेष्टा करतोस माझी?"

"नाही रे बाबा. तुझ्याही पोटात कुणी राहत असेल."

मला भरून आलं. मित्रांनो, डॉक्टरांनी तुमच्यासाठी दिलेलं औषध जरूर घ्या, सांगितलंय तितकं घ्या. पण दुसऱ्याच्या डब्यातलं घेऊ नका. आत आम्ही राहतो.