काढून टाकू की काढून ठेवू

एका शब्दापायी दुभाषीबाईंचं डोकं सकाळपासून फिरलं होतं. बड्या देशांनी करारात लिहिलं होतं, आम्ही आमचे अणुबॉम्ब काढू. अहो, पण काढून टाकू, की काढून ठेवू? त्यांच्या भाषेत म्हणे दोन्हीला एकच शब्द. धन्य ती भाषा!

घोडं तिथंच अडलं होतं. बाईंचा धाकटा भाऊ अणुभट्टीवर कॅन्सरचं औषध बनवायचा. सरकारनं स्पष्ट सांगितलं होतं: बड्यांनी बॉम्ब मोडले, तर भट्टी औषधाचीच राहील. नुसते ठेवले, तर आपणही बॉम्ब करायला घ्यायचे, त्याच भट्टीत.

बाईंनी परिषदेतल्या एका बड्या देशाच्या अधिकाऱ्याला चहाच्या यंत्रापाशी गाठलं. "मोडणार ना पण?"

"मोडायचं कुठं म्हटलंय? कोठारात कुलूपबंद राहतील. लागलेच तर असावेत."

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्या तणतणत जागेवर आल्या, तर आपल्या शिष्टमंडळाचे साहेब घड्याळ बघत उभे.

"किती ताणताय? 'टाकू' लिहा आणि मोकळ्या व्हा."

"'बॉम्ब टाकू' लिहू? शुद्धीवर आहात ना, साहेब?"

साहेब ओशाळले. "बरं, 'काढून टाकू' लिहा. आपली सही तर होऊन जाईल."

बाईंचा हात कळफलकाकडे गेलाही. एका शब्दात भावाचं औषध वाचत होतं. तेवढ्यात भाऊच आत आला. सरकारनं त्याला सल्ल्यासाठी सोबत आणलं होतं.

"ताई, खरं काय ते सांग. गलोलीसारखं नको करूस."

लहानपणी आईनं दोघांनाही गलोली काढून टाकायला सांगितल्या होत्या. यानं मुकाट्यानं आपली जाळली. ताईनं पलंगाखाली काढून ठेवली. ती सापडल्यावर या पठ्ठ्यानं आठवड्यात तीन नव्या केल्या, आणि त्या बघून शेजारच्या पोरांनीही केल्या.

"ठेवू," बाई म्हणाल्या, आणि त्यांना रडूच कोसळलं. "मेल्यांना ठेवायचेच आहेत रे."

साहेबांनी कपाळाला हात लावला. भावानं खिशातून औषधाच्या खोलीची किल्ली काढली आणि तिच्यापुढे धरली.

"ही काढून ठेव, ताई."

"आणि शेजारचे देश?" बाईंनी विचारलं.

"ते आपलं बघून करतीलच की."

"अरे, पण पेशंटना काय सांगशील?"

"तूच शब्द सुचव. तुझं कामच आहे ते," तो म्हणाला, आणि भट्टीवर फोन लावायला बाहेर गेला.