बिनसोडियमचं मीठ

बाईंनी अठरा वर्षं शाळेत आवर्तसारणी शिकवलेली. झोपेतून उठवलं तरी घडाघडा म्हणून दाखवतील. आणि अशा बाईंनीच घरात हा घोळ घालावा? कमालच झाली!

झालं असं, की सासूबाईंच्या किडन्या थकल्या आणि डॉक्टरांनी मीठ बंद केलं. अळणी जेवून म्हातारीचं तोंड एवढंसं झालं. बाईंचा जीव तुटायचा. एकदा दुकानात त्यांना बिनसोडियमच्या मिठाचा डबा दिसला. वर लिहिलेलं, पोटॅशियम क्लोराइड. बाई खूश! सोडियम आणि पोटॅशियम म्हणजे एकाच उभ्या रांगेतली सख्खी भावंडं, एकानं त्रास दिला तर दुसऱ्याला बोलवायचं. डॉक्टरांना विचारायचं सुचलंसुद्धा नाही. स्वतःच रसायनाच्या बाई, विचारायचं कुणाला?

पंधरा दिवस सासूबाई चवीनं जेवल्या. सोळाव्या दिवशी सकाळी बाथरूमच्या दारात कोसळल्या.

इस्पितळात डॉक्टर रिपोर्ट घेऊन बाहेर आल्या. "रक्तातलं पोटॅशियम आठच्या जवळ गेलंय, पाचच्या आसपास हवं. हृदय कधीही बंद पडलं असतं. कॅल्शियम टोचलंय, म्हणून ठोके टिकलेत. यांना खायला काय देत होतात?"

बाईंच्या पायाखालची जमीनच सरकली. रांगेत खाली उतरावं तसा अणू मोठा होतो, बाहेरचा इलेक्ट्रॉन सैल सुटतो, सोडियम पाण्यावर तडतडतं तिथे पोटॅशियम पेट घेतं, हे दरवर्षी घसा फोडून कोण सांगत होतं? भावंडं असली म्हणून स्वभाव एक नसतो, हे वाक्य त्यांचंच. मिठातलं पोटॅशियम पेटत नाही, खरं. पण शरीराला ते सोडियमपेक्षा वेगळंच, आणि थकलेल्या किडनीला ते बाहेर टाकता येत नाही. एवढं साधं डोक्यात येऊ नये?

उघड्या दारातून, खाटेवरून क्षीण आवाज आला. "डॉक्टर, तिला बोलू नका हो. ते नवं मीठ मीच मागवलं. हट्टच धरला होता मी."

डॉक्टर आत गेल्या. "रोज किती खात होतात, आजी?"

सासूबाई सुनेकडे बघत राहिल्या.

"त्यांना काय माहीत?" बाई दारातूनच बोलल्या. "त्यांनी काही मागितलं नव्हतं. मीच घालत होते. अळणी लागू नये म्हणून दोन्ही वेळा, दुप्पट."