शनिवारची चार माणसं

लेसिएलीनं कागदावर चौथं नाव लिहिलं आणि खाली ठळक रेघ मारली. बाबा, आई, फेलेती, मी. रेघेखाली लिहिलं: सँडविच, थर्मास, बाबांची शाल. चर्चच्या जुन्या पत्रकाची मागची कोरी बाजू एवढ्यातच भरावी म्हणून तिनं अक्षर मुद्दाम मोठं काढलं होतं.

फेलेती, तिचा धाकटा भाऊ, खांद्यावरून वाकून वाचत होता.

"चार माणसं? आपल्याकडे बंद पडलेली गाडी ढकलायलासुद्धा याहून जास्त जमतात."

"चारच. दहाला कटूम्बाला पोचायचं. कड्यासमोरच्या बाकावर बसायचं, चहा प्यायचा, दरी बघायची. धावपळ नाही, काही नाही."

"आणि बाबांना ते सांगणार कोण? तू की मी?"

"मी," ती म्हणाली आणि पेनाला टोपण लावून बसली.

तीन आठवड्यांपूर्वी बाबांबरोबर डोळ्यांच्या डॉक्टरांकडे दुभाषी म्हणून नेहमीप्रमाणे तीच गेली होती. साखरेनं उजवा डोळा खाल्लाच आहे, डावा फार तर सहा महिने, असं डॉक्टर म्हणाले. बाबांनी टोंगन भाषेत विचारलं, "काय म्हणतात?" तिच्या तोंडून निघून गेलं, "थेंब चालू ठेवायचे म्हणतात." बाबांनी मान डोलावली, उठून डॉक्टरांचा हात दोन्ही हातांत घेतला आणि आभार मानले. ते न सांगितलेलं वाक्य तेव्हापासून माशाच्या काट्यासारखं तिच्या घशात अडकलं होतं.

बाबा, म्हणजे साइमोने, चर्चमध्ये प्रवचन करत. प्रवचन सांगता सांगता मध्येच गाऊ लागत, आणि मग समोरची माणसं "मालिए! मालिए!" म्हणून दाद देत. भलं बोललात, आणखी बोला, असं त्यात सगळं येतं. त्यांच्या प्रत्येक प्रवचनात एखादा डोंगर असायचाच. खरं तर ते वाढले टोंगातल्या सपाट बेटावर, आणि इथं सिडनीच्या पश्चिमेला बावीस वर्षं कारखान्यात खोकी बांधली. तासाभरावरचे कटूम्बाचे निळे डोंगर मात्र बघायचे राहून गेले. कुणी विषय काढला की म्हणत, "जाऊ की. डोंगर कुठं पळतात?"

तेव्हा आधी डोंगर दाखवायचे, मग सांगायचं, असं लेसिएलीनं ठरवलं होतं. रविवार देवाचा, त्या दिवशी सहलीचं नावही काढायचं नाही. म्हणून शनिवार.

फोन वाजला. पिसिला आत्या. बाबांची थोरली बहीण. टोंगाच्या माणसांत बापाच्या बहिणीचा शब्द बापाच्याही वर, आणि पिसिला आत्यांना नाही म्हणणारी भाची अजून जन्माला यायची होती.

"शनिवारी माझ्या भावाला डोंगरावर नेते आहेस म्हणे. आणि मला हे मासळीच्या दुकानात कळतं."

"आत्या, अगदी छोटंसंच—"

"छोटंच बरं. मी आणि आमचे हे, तुझे काका. काकांची बहीण बेटावरून आलीय, तिला घरात कोंडून ठेवू? बरं दिसेल?"

"नाही, आत्या."

"आणि सँडविच? माझा भाऊ एवढ्या वर चढून पावाच्या चकत्या खाणार? लू मी करून आणते."

लू म्हणजे अळूच्या पानात बांधून नारळाच्या दुधात शिजवलेलं मटण. ते काही सात माणसांपुरतं कधी होत नाही.

"हो, आत्या."

फेलेतीनं तोंड दाबून हसत सात बोटं वर केली.

बुधवारी गायकमंडळाच्या तालमीत आत्यांनी सगळ्यांदेखत विचारलं की साइमोनेच्या आवाजावर पंधरा वर्षं गायलात, आता तो डोंगर बघायला निघालाय तर तुम्ही काय घरी बसून कपडे वाळत घालणार? गुरुवारी चर्चची बस ठरली. शुक्रवारी कागदाच्या छापील बाजूचे समाससुद्धा भरले. एक्केचाळीस माणसं, बारा चटया, बर्फाचे दोन डबे, भाजलेलं एक अख्खं डुक्कर. प्रत्येक फोनला लेसिएली "हो" म्हणत गेली. 'सँडविच' या शब्दावर आता कुणीतरी पातेल्यांची संख्या लिहिली होती.

"आई, तू तरी आत्यांशी बोल."

"मी?" आई हसली. "मी तर त्या घरची सून."

"मला बाबांशी बोलायचंय गं. निवांत," लेसिएली कुजबुजली.

आईनं बाबांसमोर चहाचा कप ठेवला, ठेवताना बोटानं टेबलावर दोनदा टकटक केलं आणि कपाचा कान त्यांच्या हाताकडे वळवला. ही सवय तिला अलीकडेच लागली होती.

"बसमध्ये बोल," ती म्हणाली.

बसमध्ये बोलणं कसलं! निघताना प्रार्थना झाली आणि पहिल्याच सिग्नलला गाणं सुरू झालं. बाबा खिडकीशी, कमरेला टोंगन रिवाजाप्रमाणे सणासुदीची चटई गुंडाळलेली, खर्जात गात होते. शेजारच्या जागेवर आत्या. लेसिएली पाच रांगा मागं, मांडीवर लूचं गरम पातेलं धरून. रात्रभर घोकलेली वाक्यं तिनं मनात पुन्हा एकदा लावून पाहिली. अर्धा घाट चढल्यावर काचा पांढऱ्या झाल्या. चालकानं दिवे लावले. गाणाऱ्यांपैकी दोघी-तिघी खिडकी पुसून बघू लागल्या आणि गप्प बसल्या. बाकीचे गातच राहिले.

कड्याशी पोचले तेव्हा समोर काही नव्हतं. दरी नव्हती, डोंगर नव्हता, तीन बहिणी म्हणतात ते सुळके नव्हते. कठडा होता आणि त्याच्या पलीकडे धुतलेल्या चादरीसारखं पांढरं. पिसिला आत्या कठड्यापर्यंत गेल्या आणि त्या धुक्याकडे अशा पाहू लागल्या जणू कुणी आमंत्रण देऊन दार लावून घेतलं होतं.

"निघेल," कुणीतरी म्हणालं.

"दिवसभर असंच राहणार," तिकडून फिरायला आलेला एक गोरा म्हातारा कुत्र्याला ओढत म्हणाला आणि दिसेनासा झाला.

चटया पसरल्या. पातेली उघडली. जेवण गार होत होतं, आणि देवाचे आभार मानल्याशिवाय कुणी घास उचलणार नव्हतं. आत्यांनी भावाला हाक मारली.

"साइमोने, तू बोल."

आईनं दंड धरून त्यांना पुढं आणलं आणि कठड्याकडे तोंड करून उभं केलं. एक्केचाळीस माथी वाकली. बाबांनी आधी देवाचे, मग बहिणीचे, मग चालकाचेही आभार मानले, कुणाला म्हणून वगळलं नाही. मग त्यांचा आवाज चढू लागला, बोलण्यात सूर शिरला, आणि त्यांनी हात लांब केला.

"हे देवा, आज या डोळ्यांना तू हे दाखवलंस. किती निळं केलंस रे! आणि त्या तिघी बहिणी बघा, उन्हात कशा ताठ उभ्या आहेत. माझी पिसिलासुद्धा अशीच उभी राहते."

एकेक मान वर आली. माणसांनी बाबांकडे पाहिलं, ते दाखवत होते तिकडे पाहिलं, आणि पुन्हा खाली. कुणी हसलं नाही. दाद द्यायची जागा आली होती आणि निघून चालली होती.

"मालिए," पिसिला आत्या म्हणाल्या. इतक्या हळू त्या कधी बोलल्याचं कुणाला आठवत नव्हतं. मग सगळे म्हणाले, "मालिए, मालिए."

जेवणं झाली. गायकमंडळी चटया झटकायला लागली, आणि आत्यांनी भलत्याच मोठ्यानं सगळ्यांना पातेली विसळायला नळाकडे पिटाळलं. काकांनाही. बाकावर बाबा उरले. लेसिएली शेजारी जाऊन बसली. आठवडाभर जे मागितलं होतं ते असं मिळालं होतं.

वरच्या निलगिरीवरून एक थेंब बाबांच्या हातावर पडला. त्यांनी चष्मा काढला, अंगठा काचेवर फिरवला. काच ओलीचिंब होती. बाहीनं पुसून पुन्हा घातला. मग तळहात समोर उघडून धरला, जशी माणसं पाऊस आहे का ते बघतात.

"लेसिएली, धुकं आहे का?"

"हो," ती म्हणाली.

"कधीपासून?"

"आल्यापासून, बाबा."

नळाकडून पातेल्यांचा आवाज येत होता. त्यांच्या चष्म्यावर पुन्हा पाणी जमू लागलं. तिचा हात उठला आणि वाटेतच थांबला. बापाच्या डोक्याला लेकरानं हात लावायचा नसतो. तिनं तो मांडीवर परत ठेवला.

"म्हणजे सगळ्यांना कळलं," ते म्हणाले. "आणि मालिए म्हणाले."

"आत्या सगळ्यांच्या आधी म्हणाल्या."

"ती म्हणणारच." त्यांनी चष्मा काढला, काड्या नीट मिटल्या आणि तिच्या हातात दिला. "हा ठेव तुझ्याकडे. उगाच भिजतो."

"बाबा, त्या दिवशी डॉक्टर—"

"त्या दिवशी घरी येईपर्यंत तू एकदाही गायली नाहीस," बाबा म्हणाले. "लहानपणापासून गाडीत बसलीस की गातेस. एवढ्या लांबच्या रस्त्यात एक ओळ नाही."

लेसिएलीनं चष्मा मुठीत धरला. समोर तिलाही काही दिसत नव्हतं.

"आता म्हण काहीतरी," ते म्हणाले. "ती मंडळी येतील नाहीतर, मग सगळ्यांबरोबर म्हणावं लागेल."

तिनं तोंड उघडलं, पण सूर कुठून धरायचा तेच कळेना. बाबांनी खाली मान घालून हळूच खर्जातला सूर दिला, आणि ती येईपर्यंत धरून ठेवला.